यमुताईंचा पाळणा आणि माझा ऑर्गन

कीर्तन ऐकताना रडू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. निदान चष्मेवाल्यांनी तरी रडू नये. डोळे भरून आले की चष्मा काढावा लागतो, काढला की पुसावा लागतो, आणि पुसायला शर्टाचं टोक पँटमधून ओढून बाहेर काढावं लागतं. हा सगळा खटाटोप उरकेपर्यंत कीर्तनकार पुढे निघून गेलेले असतात. तेवढ्यात निसटलेल्या दोन वाक्यांनी काय होऊ शकतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने हुडकेश्वरला आमच्या घरी यावं. हॉलमध्ये शिरताच डाव्या हाताला फुलाफुलांची चादर पांघरून कपाटाएवढं काहीतरी उभं आहे ना, तेच ते.

आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, राममंदिरात रामनवमीचं कीर्तन यमुताई करतात. ‘करत असत’ म्हणायला हवं. पण जीभ वळत नाही. यमुताई म्हणजे पाच फुटांच्या आतलं माणूस, नऊवारी, हातात झांज, आणि आवाज असा की मंदिराबाहेर चपला सांभाळणाऱ्यालाही हनुमंत उडी कधी मारतो ते चपलांपाशी बसून कळावं. त्यांचे वडील रामटेकचे कीर्तनकार. त्यामुळे अयोध्येचं वर्णन करतानासुद्धा यमुताईंच्या शरयूला रामटेकच्या तळ्याचाच वास येतो. मी सरकारी नोकरीत असताना रजा दोनच कारणांनी घेतली, एक आजारपण आणि दुसरं यमुताईंचं कीर्तन. आणि आजारपणही बहुतेक वेळा कीर्तनाच्याच दिवशी यायचं. “तुमची भक्ती रामावर की यमुताईंवर?” असं शोभाने मला एकदा विचारलं होतं. शोभा म्हणजे माझी बायको. तिचे प्रश्न उत्तरासाठी नसतात.

तर दोन रामनवम्यांपूर्वीची गोष्ट. कीर्तन रंगलं होतं. बोलता बोलता यमुताई लहानपणात शिरल्या. म्हणाल्या, “मी फ्रॉकमधली पोर होते. रामटेकला एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला होता, आणि त्यांचा ऑर्गन आमच्या बाबांच्या कीर्तनाला साथीला आला. काय तो भरलेला सूर! पायाखालची फरशी गुणगुणत होती. त्या दिवसापासून या यमीला एकच वासना लागली मंडळी, की आपणही एकदा ऑर्गनच्या सुरावर उभं राहावं. एकदाच!”

इथे माझे डोळे भरून आले. मी चष्मा काढला, शर्ट ओढला, काचा पुसल्या. चष्मा पुन्हा नाकावर चढला तेव्हा दशरथाचा यज्ञ सुरू झालेला होता. शेवटी आरतीच्या आधी त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, “गुडघ्यांना आता नारदांची गादी पेलत नाही. पुढच्या रामनवमीला उभी राहीन, आणि मग रामरायाची रजा घेईन.”

सुंठवडा हातात घेऊन मी मंदिराच्या पायरीवर बसलो आणि रामासमक्ष ठरवलं. यमुताईंचं शेवटचं कीर्तन ऑर्गनच्या सुरावर होणार. मंदिराच्या समितीला विचारलं नाही, घरात विचारलं नाही, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे यमुताईंनाही विचारलं नाही. संकल्प हा विचारून करायचा नसतो अशी माझी समजूत होती.

पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन मिळणं कठीण. ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत, आणि जे देतात त्यांच्याकडे फक्त लाकूड असतं. असाच मोबाईलवर शोधता शोधता एक जाहिरात दिसली. कामठीच्या एका जुन्या बंगल्यातला अमेरिकन, विजेवर चालणारा ऑर्गन. दोन मजली पट्ट्या, खाली पायांनी वाजवायच्या दांड्या, शिसवीसारखं लाकूड. कुठल्याशा क्लबमध्ये नाचाला वाजत असे म्हणे. बंगला रिकामा करायला आलेली करिष्मा नावाची मुलगी फार प्रामाणिक होती. “अंकल, ऑर्गन एकदम चालू आहे,” ती म्हणाली. “फक्त आवाज येत नाही.”

या वाक्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, “हरकत नाही.” किंमत काय पडली ते मी शोभाला सांगितलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही, ती वाचते.

ऑर्गन घरी आणला तो रुपरावांच्या टेम्पोतून. रुपराव आमच्या समोर राहतात. मांडव, खुर्च्या, कूलर, जनरेटर असा त्यांचा लग्नाकार्याचा व्यवसाय. दिलदार माणूस. दुसऱ्याचं काम पाहिलं की त्यांना स्वतःचं काम आठवत नाही. टेम्पोतून ऑर्गन उतरताना त्यांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“काहून गा अनंतराव, हे काय आणून राहिले? फ्रीज हाय का?”

“ऑर्गन आहे. यमुताईंच्या कीर्तनासाठी.”

“अस्सं. मंग दारातून नाई जात. सांगून ठेवतो.”

नाहीच गेला. दाराची चौकट काढली. तरी गेला नाही. मग ग्रिल कापलं, दिवाण मागच्या खोलीत गेला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला, आणि शोभा तावातावाने तुळशीपाशी गेली. शेवटी ऑर्गन हॉलमध्ये आला आणि त्याच्या आतून एक पाल बाहेर आली. तिने आम्हा सगळ्यांकडे, भाडेकरूला बघावं तसं, वैतागून बघितलं.

दुरुस्तीला जितेंद्र मिळाला. तो इन्व्हर्टर, मिक्सर, टीव्ही आणि मंदिरातली आपोआप वाजणारी घंटा दुरुस्त करतो. “ऑर्गन केलाय का कधी?” विचारलं तर म्हणाला, “सर, करंट तर सगळ्यात एकच असते ना.” त्याने मागची फळी उघडली. आत उंदरांच्या कित्येक पिढ्यांनी बाळंतपणं केलेली होती. त्या सगळ्यांचं सोयर फिटेपर्यंत आठवडा गेला. आतमध्ये एक मोटर, तिच्यावर एक लांबलचक दांडा आणि दांड्यावर दातेरी चकत्यांची रांग. मोटर फिरली की चकत्या फिरणार, चकत्या फिरल्या की सूर निघणार. मला तर सुदर्शन चक्रांची बाजारपेठ पाहिल्यासारखं वाटलं. मी हात जोडले. जितेंद्रने शिलाई मशीनचं तेल सोडलं.

या ऑर्गनला दोन खटके. पहिला दाबून धरायचा, मोटर घरघरू लागली की दुसरा टाकायचा, मग पहिला सोडायचा. मी नारळ फोडला, शोभाने मनाविरुद्ध हळद-कुंकू वाहिलं, आणि जितेंद्रने पहिला खटका दाबला. ऑर्गनच्या पोटातून एक लांब उसासा निघाला. आणि आमची पूर्ण गल्ली अंधारात गेली.

संध्याकाळची वेळ. घराघरात मालिका चाललेल्या. नेमकं त्याच क्षणी कुठल्यातरी मालिकेत कुठल्यातरी सासूला कुठलंतरी रहस्य कळणार होतं. ते आमच्या गल्लीला आजतागायत कळलेलं नाही, आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे.

म्हणून वीज कार्यालयात जाणं आलं. घरचा भार वाढवून हवा, एवढंच माझं मागणं. खिडकीतल्या साहेबांनी संगणकाकडे पाहत विचारलं, “कशासाठी?”

“ऑर्गन आहे. वाद्य.”

“ते इथे नाही. मोटर आहे का त्यात?”

“आहे.”

“मग पाण्याचा पंप टाकू की पिठाची गिरणी?”

“अहो, देवाच्या कीर्तनाचं वाद्य आहे ते!”

“पाणी चढवतं का?”

“नाही.”

“मग गिरणीच,” असं म्हणून त्यांनी कळ दाबली. मी आयुष्यभर सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरची बाजू इतकी उन्हाची असते हे मला त्या दिवशी कळलं.

चार-सहा दिवसांनी तपासणीला माणूस आला. त्याने हॉलमध्ये उभं राहून ऑर्गनकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “धान्य वरून टाकता का?” ही बातमी फाटकाबाहेर कशी गेली माहीत नाही, रुपराव तेव्हा फाटकातच उभे होते, एवढं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या लाइनीतल्या गोपिकाबाई गव्हाचा डबा घेऊन हजर. “भाऊजी, जरा बारीक काढा. यांना जाड पोळी चालत नाही.” त्यांच्या मागे आणखी दोघी. मी प्रत्येकीला ऑर्गन दाखवला, कीर्तनाची परंपरा समजावून सांगितली, यमुताईंची इच्छा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग ज्वारी तरी होते का?”

“गिरणीच आणली असती तर बरं झालं असतं,” शोभा आतून म्हणाली. “निदान कणीक तरी मिळाली असती.”

मोठं कार्य हाती घेतलं की थोडी अवहेलना होते, असं मी स्वतःला समजावलं. पण ले-आउटमधली मुलं मला पाहून ‘गिरणीवाले आजोबा’ म्हणू लागली तेव्हा मात्र आत कुठेतरी लागलं.

असो. भार वाढला, मोटर फिरली, आणि एका दुपारी जितेंद्रने खटके टाकल्यावर ऑर्गनमधून खरोखर सूर निघाला. फरशी गुणगुणली! मी त्याच क्षणी पारशिवनीला फोन लावला, शालिकराम बुवांना. शालिकराम म्हणजे यमुताईंचे पेटीवाले. माझ्या आठवणीतलं यमुताईंचं एकही कीर्तन असं नाही की ज्यात त्यांच्या डाव्या हाताला शालिकराम नाहीत. मिशी पांढरी, पेटी काळी, आणि स्वभाव पेटीच्या भात्यासारखा. जरा दाबलं की सूं करून बोलणार.

ते आले. ऑर्गनसमोर उभे राहिले. खाली वाकून पाहिलं.

“अन् भाता कुठं हाय याचा?”

“भाता नाही बुवा. विजेवर चालतो.”

“म्हंजे श्वासच नाई?” ते स्टुलावर टेकले. “साहेब, मी विचारतो, राग नका मानू. माह्या पेटीनं काय घोडं मारलं?”

“तसं नाही हो. यमुताईंची फार जुनी इच्छा आहे. त्यांचं शेवटचं कीर्तन.”

शेवटचं म्हटल्यावर ते स्टुलावर सरसावून बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. पण पंचाईत डाव्या हाताची. इतक्या वर्षांची सवय. उजवा हात वाजवू लागला की डावा आपोआप हवेत भाता मारायचा. पुढे, मागे, पुढे, मागे. शेजारी उभ्या असलेल्या जितेंद्रच्या पोटात दोनदा कोपर बसलं. शालिकरामांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला. तेव्हा सूर नीट लागला, पण बुवांच्या चेहऱ्यावर हात अडकलेल्या माणसाचा भाव आला तो शेवटपर्यंत गेला नाही.

आणि मग त्यांनी मान वर केली. “साहेब, हे खाली बोलून राह्यलं. मी पांढरी एक दाबून राह्यलो, अन् हे बोलते पांढरी सहा. तेही जरासं उतरून.”

जितेंद्रने मोटरवरची पट्टी वाचली. मग डोकं खाजवलं. “सर, ही मोटर अमेरिकेची. तिकडची लाइन साठ सायकलची, आपली पन्नास. मोटर इथे हळू फिरणार. हळू फिरली तर सूर पण उतरणार.”

म्हणजे ऑर्गन बिघडलेला नव्हता, फक्त परदेशात आला होता.

मी यमुताईंना बोलावणं पाठवलं. आश्चर्याचा धक्का द्यायचा विचार होता, पण मला राहवलं नाही. त्या आल्या, दारात क्षणभर थबकल्या. ऑर्गन बघून त्या काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, भरून आलं. मग त्यांनी त्याच्या लाकडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की ते बघणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

“अनंता, हे तू माझ्यासाठी केलंस?”

“हो ताई. पण थोडा खाली बोलतो. दुरुस्त करतो आहे.”

“खाली तर खाली रे,” त्या हसून म्हणाल्या. “माझाही आवाज आता उतरलाच आहे. शालिकरामला सांग, आहे त्या सुरावर धर. तबला त्याला मिळवून घेऊ. नाहीतर पेटी आहेच की आपली.”

इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं. पण माझ्या मनाला पटेना. यमुताईंचं शेवटचं कीर्तन, आणि पांढरी एक दाबली तर पांढरी एक बोलू नये? देवाच्या दारात नाव एक आणि सूर दुसरा? मी म्हटलं, “नाही ताई, तुमच्यासाठी अगदी बरोबर करून देतो.” त्यांनी पुन्हा लाकडावरून हात फिरवला आणि चहा न घेता गेल्या. शोभा म्हणाली, “ऐका जरा त्यांचं.” मी म्हटलं, “ऐकतोच तर आहे, वर्षानुवर्षं.”

आणि मग रुपराव मदतीला आले.

“साठ पाहिजे न तुमाले? मंग माहा जनरेटर कायले हाय? त्याच्या इंजिनले एक पेच असते. पिळला का इंजिन जोरात पयते. साठ म्हना, पासष्ट म्हना.”

“असं करता येतं?”

“लग्नात करतो न आमी. नवरदेवाची लायटिंग चमकाले पाहिजे म्हणून.”

जितेंद्रला विचारलं. तोही म्हणाला, होतं. जनरेटर आमच्या अंगणात आणला. तो सुरू झाला तेव्हा गोपिकाबाई पुन्हा डबा घेऊन बाहेर आल्या, मी लांबूनच हाताने नाही म्हटलं. रुपरावांनी पेच पिळला. इंजिन गुरगुरलं, मग किंचाळलं. इकडे जितेंद्र मोबाईलवर सूर मोजत होता. “वर… वर… अजून… बस, बस!” आणि पांढरी एक अगदी पांढरी एक बोलली. शालिकरामांनी मांडीखालचा डावा हात काढून कानाला लावला. मी डोळे मिटले. अंगणात जनरेटरचा धूर होता, दार काढलेलं होतं, पण मला रामटेकच्या त्या जुन्या संध्याकाळचा सूर ऐकू येत होता, जो मी कधी ऐकलाच नव्हता.

शालिकरामांना निरोप देताना मी म्हणालो, “बुवा, रामनवमीला पेटी आणू नका. ऑर्गनच एवढा मोठा आहे, गादीजवळ दुसरं काही मावायचं नाही.”

ते जाता जाता फाटकाशी वळले. “नाई आणत,” म्हणाले. “तुमी म्हणता तर नाई आणत.” एवढंच.

रामनवमी उजाडली. ऑर्गन आणि जनरेटर आदल्या रात्रीच रुपरावांच्या टेम्पोतून मंदिरात पोचले होते. सकाळपासूनच ऊन असं, की मंदिराच्या फरशीवर अनवाणी माणसं बोटांवर चालत होती. मांडव रुपरावांचा, फुकट. कूलरही त्यांचे, भलेमोठे, पत्र्याचे, वाळ्याचे. मंदिराच्या मीटरला ते कूलर झेपत नाहीत म्हणून रुपरावांनी त्यांची वायर जनरेटरला जोडून ठेवली होती. चांगल्या मनाने. या गोष्टीत वाईट मनाचं कोणीच नाही, तेच तर दुःख आहे.

यमुताई उभ्या राहिल्या. पांढरी शुभ्र नऊवारी, गळ्यात हार. शालिकराम ऑर्गनवर, डावा हात मांडीखाली. पहिला सूर निघाला आणि मांडव एकदम शांत झाला. मी पुढेच बसलो होतो. पूर्वरंग असा झाला की काय सांगू! आवाज थोडा उतरला होता, पण त्या भरलेल्या सुराने त्याला खालून उचलून धरलं होतं. नमन, अभंग, निरूपण. माझ्या बाजूला शोभा बसली होती; तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझी इतकी मोठी स्तुती कधी केली नव्हती.

उत्तररंग चढला. बाराचा सुमार. कौसल्येच्या महालात दाया धावू लागल्या, पाळण्याला फुलं बांधली गेली, बायका गुलाल घेऊन सरसावल्या. यमुताईंच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पदराने पुसायलाही त्या थांबत नव्हत्या. माझा जीव कळवळला. मी मागे वळलो, कडेला उभ्या असलेल्या रुपरावांना पाहिलं आणि हाताने वारा घातल्याची खूण केली.

रुपरावांनी अंगठा दाखवला आणि कूलर सुरू केला.

कूलरचं वारं सुटलं, आणि ऑर्गन खाली बसला.

एकदम नाही. थकलेला माणूस खुर्चीत बसावा तसा हळूहळू. भार वाढला, जनरेटर दमला, मोटर मंदावली, आणि सूर घसरला. शालिकरामांनी चमकून पट्ट्यांकडे पाहिलं. बोटं बरोबर होती. यमुताईंनी डोळे मिटलेले. साथीचा सूर सोडायचा नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. सूर खाली गेला, तर त्या त्याच्या मागे खाली गेल्या. तबलजी हातोडी काढून भराभर ठोकू लागले.

खाली गायचं म्हणजे श्वास जास्त लागतो. यमुताईंना अजून घाम आला. आणि मी, रामाने मला क्षमा करावी, मी पुन्हा मागे वळून दुसऱ्या कूलरची खूण केली.

तेव्हा सूर इतका खाली गेला की पाळण्याच्या पहिल्या ओळीलाच त्यांचा आवाज घशात अडकला. कौसल्येचा नवजात राम खर्जात रडत होता. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग रुपरावांच्या लक्षात आलं. ते धावले, जनरेटरपाशी वाकले आणि आपल्या दिलदार हाताने पेच पिळला. जोरात पिळला.

ऑर्गन किंचाळत वर गेला. यमुताई त्याच्यामागे वर गेल्या. एक पायरी, दुसरी, तिसरी. तिथे त्यांचा आवाज फाटला.

कापड फाटल्यासारखा.

शालिकरामांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. कोणीतरी जनरेटर बंद केला. इतका वेळ कोणाच्या लक्षातही न आलेली त्याची घरघर थांबली आणि मांडवात भयंकर शांतता पसरली. शालिकरामांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला, पेटी जिथे नेहमी असायची तिथे. तिथे नुसती सतरंजी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

यमुताईंनी झांज हातात घट्ट धरली. साथीशिवायच पाळणा म्हणायला सुरुवात केली. आवाज आलाच नाही, नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी हसून मांडवाकडे हात पसरले आणि मान हलवली, म्हणजे तुम्ही म्हणा. गोपिकाबाईंनी पहिली ओळ उचलली. मग सगळ्या बायकांनी. कोणी वर, कोणी खाली, प्रत्येकीचा राम वेगळ्या पट्टीत जन्मला. गुलाल उडाला. यमुताई पाळण्याची दोरी ओढत उभ्या होत्या, ओठ हलत होते, पण त्यांचं शेवटचं कीर्तन दुसऱ्यांच्या आवाजात संपलं.

मी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. घसा बसलेला होता, आल्याचा काढा घेत होत्या. मी पाया पडलो आणि खाली मान घालून बसलो.

“रुपराव काल येऊन गेले,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “रडत होते. म्हणाले, ताई, मी पेच जास्त पिळला. मी म्हटलं, चांगल्या मनाने पिळलात.”

“ताई, चूक माझी आहे. तुमची एवढी एक इच्छा होती, आणि मी…”

“कुठली इच्छा?”

“ऑर्गनची. तुम्ही कीर्तनात सांगितली होती. गेल्या रामनवमीला.”

यमुताईंनी काढ्याची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. “ते ऐकलंस. मग त्याच्या पुढे मी काय म्हणाले, ते सांग.”

मी चष्मा नाकावर वर सरकवला.

“काय करत होतास?”

“चष्मा पुसत होतो.”

त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. “अरे वेड्या, वासनेवर निरूपण चाललं होतं माझं. मी पुढे म्हणाले होते, की मी ऑर्गनसाठी हट्ट धरला तेव्हा बाबा म्हणाले, यमे, नारदाच्या गादीवर जो सूर वाट्याला येईल तो घेऊन उभं राहायचं, मागून आणायचा नाही. त्या दिवशी मी तो ऑर्गन मनातून बाहेर टाकला. ‘तशी तुम्हीही तुमची एकेक वासना आज रामापायी सोडा,’ असं म्हणाले होते मी सगळ्यांना.” पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मी टाकलेला, तो तू उचलून घरी नेलास.”

“मग त्या दिवशी घरी आला होतात तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुझं तोंड बघितलं ना,” त्या म्हणाल्या. “एवढं खुललेलं होतं. नाही सांगवलं.”

“ताई, एकदा पुन्हा. शालिकराम बुवांच्या पेटीवर. मंदिरात नको, तुमच्याच अंगणात. चार माणसं.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नाही रे. रजा मागून झाली. आता पुन्हा हजेरी कशी लावू?”

मंदिरातून परत आलेला ऑर्गन अजून हॉलमध्येच आहे. घ्यायला कोणी येत नाही, आणि न्यायचं तर पुन्हा चौकट काढावी लागेल, जी शोभा काढू देत नाही. वीज कार्यालयाच्या दप्तरी आम्ही अजून पिठाची गिरणीच आहोत. नवीन राहायला आलेली कोणी बाई अधूनमधून डबा घेऊन येते, शोभा तिला आत बोलावते, चहा देते आणि चादर उचलून गिरणी दाखवते. मी शालिकराम बुवांना भेटायला पारशिवनीला जाऊन आलो. ते चांगलं बोलले, जेवू घातलं. पेटी मात्र आतल्या खोलीत होती. बाहेर आणली नाही, आणि मीही आणा म्हटलं नाही.

या रामनवमीला मंदिरात अमरावतीचे एक तरुण बुवा आले होते. चांगलं करतात. मी गेलो होतो, आता चष्मा घरी ठेवून जातो. त्यामुळे एकही वाक्य निसटत नाही, सगळं नीट ऐकू येतं. समोर गादीवर कोण उभं आहे ते तेवढं स्पष्ट दिसत नाही. यमुताई नाहीत, एवढं मात्र कळतं.